वडीलधाऱ्यांच्या बँक खात्याची राखण



ज्वारी चिकात आली की आपण रानात माळा घालतो. पहाटेपासून गोफण घेऊन पाखरं हाकतो. चार महिने राबून आणलेला दाणा चार दिवसांत पाखरांच्या तोंडी जाऊ नये, म्हणून ही राखण. पुढे पीक घरात येते, बाजारात जाते, पैसे बँकेत जमा होतात आणि आपल्याला वाटते की राखण संपली.

पूर्वी ते बरेचसे खरे होते. पैसे काढायचे तर बँकेत जावे लागे, स्लिप भरावी लागे, सही किंवा अंगठा साहेबासमोर करावा लागे. आता खात्याला चार दारे झाली आहेत. एक बँकेत, दुसरे कार्डात, तिसरे मोबाइलमध्ये आणि चौथे आपल्या अंगठ्यात. सोय झाली हे खरेच. पण दारे वाढली की राखणही वाढवावी लागते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यातली निम्मी दारे आपल्या खात्याला आहेत हेच ठाऊक नसते. म्हणून आज हा विषय.

कोणता पैसा धोक्यात असतो?

आपल्या घरात काय चालते ते पाहा. सातबारा अजून आबांच्या नावावर असतो. म्हणून पी.एम. किसानचे वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, आबांच्या खात्यावर येतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही तिथेच येऊ लागले. ऊसबिल, दूधबिल, पीकविम्याची भरपाई, हे सारे त्याच खात्यावर. आईला श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, ते तिच्या खात्यावर.

याशिवाय आणखी एक रक्कम असते, तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. म्हातारी माणसे आपल्या दुखण्याखुपण्याला आणि शेवटच्या कार्याला म्हणून पैसे बाजूला टाकतात. मुलांवर भार नको, एवढाच त्यामागे हेतू असतो. तरुण माणसाचे दहा हजार गेले तर तो पुढच्या हंगामात भरून काढील. पंचाहत्तर वर्षांच्या आईने ते कुठून भरून काढावेत? आणि पैशांपेक्षा तिच्या मनाला जे लागते ते वेगळेच. “मीच मूर्ख,” असे म्हणून ती कोणाला सांगत नाही, जेवत नाही, झोपत नाही. चोराला हेच हवे असते. जितका उशीर, तितका तो लांब पळतो.

चोर कोणत्या वाटेने येतो?

पहिली वाट फोनची. “मी बँकेतून बोलतोय. तुमचे केवायसी झालेले नाही, खाते आज बंद होणार.” मग तो मोबाइलवर आलेला आकडा विचारतो. हाच ओटीपी. ओटीपी म्हणजे पैसे काढायच्या कागदावरची सही समजा. आकडा सांगितला की सही झाली. कोणतीही बँक फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाच्या मागचे तीन आकडे विचारत नाही. केवायसीसाठी शाखेत जावे. नाव, पत्ता काही बदलले नसेल तर साध्या स्वयंघोषणेवरही काम होते. त्यासाठी घाबरण्यासारखे काही नाही.

दुसरी वाट व्हॉट्सॲपवरच्या फाइलची. “पी.एम. किसानची नवी यादी”, “गाडीचे चलन”, “लग्नाचे आमंत्रण” अशा नावाने फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती यादी नसते आणि पत्रिकाही नसते. उघडून होय-होय म्हटले की मोबाइलमध्ये एक प्रोग्राम बसतो. तो तुमचे संदेश वाचून परस्पर चोराला पाठवतो. मग ओटीपी विचारायलाही त्याला फोन करावा लागत नाही. अशी फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये. त्या बिचाऱ्याचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पी.एम. किसानबद्दल खरेच काही विचारायचे असेल तर १५५२६१ या क्रमांकावर विचारावे.

तिसरी वाट पैसे देण्याच्या बहाण्याची. तुम्ही बैल किंवा कांदा विकायला काढलेला असतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणते, “आगाऊ रक्कम पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका.” एक गोष्ट गाठीशी बांधावी: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. याचाच दुसरा प्रकार असा: “चुकून तुमच्या खात्यावर पाच हजार आले, लेकरू दवाखान्यात आहे, परत पाठवा.” सोबत जमा झाल्याचा खोटा संदेशही येतो. म्हातारे माणूस दयाळू असते, लगेच पाठवायला निघते. आधी खात्यात खरोखर काही आले का ते तपासावे. आले असेल तर बँकेत जाऊन सांगावे, परत करण्याचे काम बँक करील.

चौथी वाट धाकाची. खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि म्हणतो, “तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे. फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका. तुम्ही डिजिटल अटकेत आहात.” आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’ मध्ये हे सांगून लोकांना सावध केले होते. पोलीस फोनवर पैसे मागून सुटका करीत नाहीत. “कोणाला सांगू नका” हे शब्द कानावर आले की समजावे, पलीकडे चोर आहे.

पाचवी वाट, अंगठ्याची

ही वाट खेड्यातल्या माणसाला सर्वांत जवळची, म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

गावात बँकेचा प्रतिनिधी असतो. कोणी त्याला बँकमित्र म्हणतात, कोणी मशीनवाला. बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात. त्यांच्यामुळे म्हाताऱ्यांची तालुक्याची खेप वाचते. पण वाईट माणूस भेटला तर काय होते, ते उदाहरणादाखल पाहू.

समजा, एक आजी श्रावणबाळचे पैसे काढायला आठवडी बाजारात गेल्या.

“पोरा, हजार रुपये दे बाबा.”

“ठेवा आजी अंगठा. नाही उमटला. पुसून परत ठेवा. अजून एकदा.”

तीनदा अंगठा झाला. आजींना हजार रुपये मिळाले, त्या घरी आल्या. दोन महिन्यांनी नातवाने पासबुकात एन्ट्री मारून आणली, तर त्या एकाच दिवशी हजाराची नोंद तीनदा! दोन हजार मशीनवाल्याने ठेवून घेतले होते.

असे का करता येते? आधारच्या मशीनवर जुळलेला प्रत्येक अंगठा ही पैसे काढायची एक पूर्ण सही असते. रक्कम आजी टाकीत नाहीत, समोरचा टाकतो. आणि जन्मभर खुरपणी-वेचणी करून ज्यांची बोटे झिजली आहेत, त्यांचा अंगठा खरोखरच पुष्कळदा उमटत नाही. म्हणून “नाही उमटला” हे खोटे बोलणे सहज खपून जाते.

यावर उपाय अवघड नाहीत.

१. अंगठा ठेवण्यापूर्वी रक्कम मोठ्याने सांगावी आणि मशीनवर तीच आली का हे बरोबरच्या माणसाला पाहायला लावावे.

२. प्रत्येक अंगठ्याची छापील स्लिप मागावी. जुळला तर जुळल्याची, नाही जुळला तर नाही जुळल्याची. “कागद संपला” म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा अंगठा ठेवू नये.

३. स्लिपवर शिल्लक रक्कम असते. ती वहीत लिहून ठेवावी.

४. रेशन दुकान, सिमकार्डाचे दुकान, सर्वेक्षणाला आलेली माणसे, अशा ठिकाणी अंगठा कशासाठी हे विचारल्याशिवाय ठेवू नये. “सरकारी योजना आहे, फक्त अंगठा द्या” म्हणून दारात मशीन घेऊन आलेल्याला सरळ ग्रामपंचायतीचा रस्ता दाखवावा.

अंगठ्याला कुलूपही लावता येते. आधारच्या ॲपवरून किंवा आधार सेवा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे बंद म्हणजे लॉक करून घेता येतात. त्यासाठी आधारला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. चौकशीसाठी १९४७ हा आधारचा क्रमांक आहे. कुलूप लावले की कोणीही अंगठा वापरून खात्यातून पैसे काढू शकत नाही. जमीन खरेदी-विक्रीच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी साचे बनवल्याचे गुन्हे देशात काही ठिकाणी उघडकीला आले आहेत. त्यालाही हे कुलूप आड येते.

मात्र एक अडचण आधीच सांगतो. कुलूप असेपर्यंत तो अंगठा रेशन दुकानातही चालणार नाही. म्हणून रेशनला घरातल्या दुसऱ्या माणसाने अंगठा द्यावा, किंवा गरजेपुरते थोडा वेळ कुलूप उघडून घ्यावे. आई दर महिन्याला अंगठ्यावरच पैसे काढत असेल आणि घरात मोबाइल चालवणारे कोणी नसेल, तर कुलपापेक्षा स्लिप आणि वही हाच उपाय सोपा.

या आठवड्यात करायची कामे

एक. वही करा. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर बँकेचे नाव, शाखा, खाते क्रमांक आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला बँकेचा फोन क्रमांक लिहावा. पिन मात्र वहीत, कार्डावर किंवा पासबुकावर लिहू नये. पुढच्या पानांवर काढलेली रक्कम, तारीख आणि कशासाठी काढली ते लिहीत जावे. महिन्याला एकदा पासबुकात एन्ट्री मारून वहीशी ताळा घ्यावा.

दोन. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे ते पाहा. खाते उघडताना घाईत एजंटाचा, पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक दिलेला असतो. कधी तो क्रमांक बंदच पडलेला असतो. बंद पडलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्याला देते आणि तुमच्या आईच्या खात्याचे संदेश तिऱ्हाइताकडे जातात. शाखेत अर्ज देऊन क्रमांक बदलून घ्यावा. आईकडे स्वतःचा साधा फोन असला तर उत्तमच. साध्या फोनवर एपीके फाइल चालत नाही, संदेश मात्र येतो.

तीन. मोठी रक्कम वेगळी ठेवा. सगळे बियाणे एकाच कणगीत आपण ठेवत नाही. योजनांचे पैसे ज्या खात्यावर येतात ते आधारला जोडलेले असते. त्यात चालू खर्चापुरतेच ठेवावे. दुखण्याखुपण्याचे पैसे मुदत ठेवीत टाकावे आणि त्या ठेवीला नेट बँकिंगची सोय घेऊ नये. ती मोडायला शाखेतच जावे लागेल. तेवढ्या वेळात घरात कोणाला तरी कळते आणि पुष्कळदा तिथेच डाव फसतो.

चार. नको असलेली दारे बंद करा. आबा दुकानातून किंवा मोबाइलवरून खरेदी करीत नसतील तर कार्डावरची ऑनलाइन आणि परदेशातल्या व्यवहारांची सोय बंद करून घ्यावी, एटीएममधून दिवसाला काढायची मर्यादाही कमी करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही मुभा प्रत्येक कार्डधारकाला दिली आहे. कार्ड वापरातच नसेल तर शाखेत परत करावे. संदुकीत पडलेले कार्ड हेही उघडे दारच.

पाच. वारसनोंद पाहा. खात्याला नामनिर्देशन केले आहे का, हे पासबुकावर पाहावे. नसल्यास शाखेत फॉर्म भरावा. नाव लागले म्हणून तो माणूस पैशांचा मालक होत नाही. त्याने ते वारसांसाठी सांभाळून द्यायचे असतात, हेही घरात सर्वांना सांगावे. पुढची भांडणे टळतात.

सहा. कोणालाही खाते भाड्याने देऊ नका. “आजीचे पासबुक आणि कार्ड महिनाभर द्या, पाच हजार देतो,” असे सांगणारे लोक फिरतात. दुसऱ्याचे चोरलेले पैसे फिरवण्यासाठी त्यांना खाते हवे असते. पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारात.

राखणदार व्हा, मालक होऊ नका

इथे थोडे कडू बोलतो, राग मानू नये.

म्हाताऱ्या माणसाला लुटणारा प्रत्येक वेळी परमुलखातूनच फोन करतो असे नाही. आईचे कार्ड थोरल्याकडे असते, पिन धाकट्याला ठाऊक असतो, आबांचा अंगठा नातू मशीनवर ठेवून आणतो. आईला औषधाला शंभर रुपये मागावे लागतात आणि तिच्याच खात्यातून खताची उधारी भागते. कोणी याला चोरी म्हणत नाही, पण आईला काय वाटते ते तिला एकदा विचारून पाहा.

रानाची राखण करणारा माळ्यावर बसतो म्हणून पीक त्याचे होत नाही. तसेच इथेही. पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा, राखण आपली. म्हणून पुढील रीत ठेवावी. मदतीला घरातले एक माणूस नेमावे आणि ते वडीलधाऱ्यांनीच निवडावे. त्याने काढलेला प्रत्येक रुपया वहीत लिहावा आणि महिन्याला दुसऱ्या भावाबहिणीसमोर ती वही वाचावी. लेक सासरी असली तरी फोनवर तिला सांगावे. हिशेब उघडा राहिला की संशयाला जागा राहत नाही आणि मदत करणाऱ्यावरही आळ येत नाही.

संयुक्त खाते काढायचे असेल तर अट समजून घ्यावी. “दोघांपैकी कोणीही किंवा हयात” अशा खात्यातून दोघांपैकी एक जण एकट्याने सगळे पैसे काढू शकतो. विश्वास असेल तर ते सोयीचे. तसा भरवसा नसेल तर दोघांच्या सह्या लागतील अशी अट घालावी.

आणि घरातूनच फार त्रास होत असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन आहे. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे वाचून दाखवताना आवाज खाली करू नये. घरातल्या म्हाताऱ्यांनाही ते कळायला हवे.

पैसे गेलेच तर काय करावे?

गोठ्याला आग लागल्यावर आपण आधी जनावरे सोडतो, आग कोणी लावली ते मागून पाहतो. इथेही तसेच वागावे. चोर पैसे एका खात्यात ठेवीत नाही. घटकेत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि कुठल्या तरी गावातून काढून घेतो. वाटेत असतानाच पैसे अडवता आले तर आले. म्हणून पहिला तास महत्त्वाचा.

• ताबडतोब १९३० क्रमांकावर फोन करावा. सायबर फसवणुकीसाठी देशभर हा एकच क्रमांक आहे. रक्कम, वेळ, बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि संदेशातला व्यवहार क्रमांक सांगावा. तिथून पुढच्या बँकांना पैसे रोखायला कळवले जाते. हीच तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही करता येते.

• लगेच बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड, यूपीआय, सारे बंद करायला सांगावे. क्रमांक वहीतला घ्यावा. मोबाइलवर शोधून मिळालेला “कस्टमर केअर” पुष्कळदा चोराचाच असतो.

• एपीके फाइल उघडली असेल तर त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे.

• बँक उघडताच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेवर तारीख आणि वेळ हवी. पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवावी. संदेश, कॉल, स्लिपा, काही पुसून टाकू नये.

पोचेवरच्या तारखेला एवढे महत्त्व का? रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैमध्ये याबद्दल नियम घातले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच नियम लागू केले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान सोसावे लागते. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच फायदा. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून शाखेत चालू नियम विचारून घ्यावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. माहितीचा क्रमांक १४४४८.

आणखी एक सावधगिरी. पैसे गेल्यावर काही दिवसांनी फोन येतो, “तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला दोन हजार फी भरा.” हा त्याच टोळीचा दुसरा घाला असतो. पोलीस, बँक किंवा रिझर्व्ह बँक पैसे परत देण्यासाठी आधी पैसे मागत नाही.

मनात येणाऱ्या शंका

आमच्या आईला वाचता येत नाही. तिला एवढे सगळे कसे समजावे?

सगळे समजायची गरज नाही. तिला एकच वाक्य पाठ करायला सांगा: “माझा लेक आल्यावर बोलेन, आता फोन ठेवते.” फोन कोणाचाही असो, उत्तर हेच. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. दोन-तीनदा तुम्हीच बँकवाल्याचे सोंग घेऊन तिला फोन करा आणि सराव करून घ्या. हसत-खेळत होते आणि ध्यानातही राहते.

वडील अंथरुणाला खिळले आहेत. पैसे काढायला त्यांचा पिन आम्हीच वापरावा का?

बँकेला आधी कळवावे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरी येऊन सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. तेही शक्य नसेल तर साक्षीदारांसमोर नुसती खूण करून, पैसे कोणी काढायचे ते वडिलांना सांगता येते. शाखाधिकाऱ्यांना भेटून विचारावे, लाजू नये.

आबा कोणाचे ऐकत नाहीत. वही मागितली की चिडतात.

चिडणारच. आयुष्यभर त्यांनी कारभार पाहिला आणि आज तुम्ही हिशेब मागता. मागू नका, आधी आपला दाखवा. तुमच्या स्वतःच्या खात्याची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, “आबा, एवढं तपासून द्या.” चार दिवसांनी ते आपली वही आपणहून काढतील. आणि कधी त्यांची फसगत झालीच तर पहिला शब्द रागाचा काढू नका. “बरं झालं लगेच सांगितलंत,” एवढेच म्हणा. हे शब्द एकदा ऐकलेले माणूस पुढच्या वेळीही लगेच सांगते. घरात ओरडा खाल्लेले माणूस पुढच्या वेळी लपवते.

थोडक्यात ध्यानात ठेवावे

१. ओटीपी आणि पिन म्हणजे सही. फोनवर सही होत नसते.
२. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
३. एपीके फाइल कोणाचीही असो, उघडू नये.
४. अंगठा एकदा, स्लिप एक.
५. महिन्याला पासबुकात एन्ट्री आणि वहीशी ताळा.
६. पैसे गेले तर आधी १९३०, मग बँक, मग पोलीस ठाणे. राग शेवटी, आणि नाही आला तर फारच चांगले.

हे पत्रक घडी घालून कपाटात ठेवू नका. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या थोरल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. उद्या चावडीवर किंवा दूध डेअरीच्या रांगेत आणखी चौघांना सांगा. १९३० हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे घाबऱ्या वेळी शोधावा लागणार नाही.

राम राम, मंडळी.